अस्सल गावठी

पंधरा ऑगस्टला जोडून तीन दिवस सुट्टी आली आणि ठाण्याच्या वहिनींनी मुरबाडजवळच्या आपल्या बंगल्यावर निव्वळ आराम करायचं ठरवलं. म्हणजे गावातल्या नणंदेला, गिरजाला, फोन लावून कामं सांगायला घेतली.

"कोंबडी गावठीच हवी हं. अंडी गावठी, काकड्यापण गावठी. शहरात मेलं काही अस्सल मिळतच नाही. आणि चुलीवर भाकऱ्या करायला तुझ्या लेकीला, भूमिकाला पाठव."

गिरजा भाताचं आधण बघत नुसती हं हं करत होती.



"बाकी समदं गावठी धाडते, वयनी. भूमिकाला नाय. कॉलेजसाठी तिला तुमच्या घरी राहू द्या बोलले, तवा तुमीच नको बोलल्या, पोरगी लय गावठी हाय म्हनून."