राखीव कातळ

अंकिता स्कूटीवरून उतरली, पण पाण्याकडे गेली नाही. टॉवेल पोटाशी घट्ट धरून ती पोहायला शिकवणाऱ्या सुधीर सरांच्या समोरून त्या सपाट कातळाकडे चालू लागली. पाण्यातल्या राहुलने शेजारच्याला कोपर मारलं.

"सीट भरली रे," तो म्हणाला. तीन-चार जण हसले आणि लगेच बुडी मारून दिसेनासे झाले.

स्कूटी लावणाऱ्या तिच्या आईने, अमिताने, ते ऐकलं.

कोंड देवीची. सावित्री नदी इथे वळण घेते, तिथला हा खोल डोह गावाने पोरांना पोहायला दिला तो एका अटीवर. पाळीच्या दिवसांत मुलीने पाण्यात उतरायचं नाही. अट पाळली जाते की नाही हे बघायला चिमाबाई रोज सकाळी मिसरीची डबी घेऊन काठावर बसत. आणि मुलींना तोंडाने सांगावं लागू नये म्हणून सरांनीच तोड काढली होती, की काही बोलू नका, नुसतं कातळावर जाऊन बसा, मी समजेन. सर समजले. पोरंही समजली. कोणत्या मुलीची तारीख कधी, हे आता पाण्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. एस.टी.तल्या बायकांच्या जागेवरून त्यांनी त्या कातळाला नावही ठेवलं होतं, राखीव सीट.

तसनीमचं पोहणं दिवाळीत सुटलं. सारिकाचं संक्रांतीनंतर. पालकांच्या सभेत सर म्हणाले होते की मुली तेरा-चौदाच्या झाल्या की गळतात, क्लास लागतात, घरची कामं मागे लागतात, आयांनीच जरा लक्ष घालायला हवं. अमिता त्या सभेत मान डोलावून आली होती. ते आठवलं की आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटत होतं. अलिबागची पोहण्याची जिल्हा निवड चार दिवसांवर होती, आणि आज सकाळी वेणी घालून घेताना अंकिता म्हणाली होती, मी जाणार नाही. निवडीला नाही आणि नंतर इथेही नाही.

अमिता तरातरा सरांपाशी गेली. सरांनी गळ्यातली शिट्टी हातात धरली आणि आवाज खाली आणला. त्यांचा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, ताईंनी गैरसमज करून घेऊ नये. पण उद्या गावाने कोंड बंद केली तर ही वीस-बावीस पोरं त्यांनी न्यायची कुठे? गेल्या पुरात पोहता न येणारे कसे वाहून गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

"मी उलट त्यांची लाज राखली, ताई."

"लाज?" अमिता म्हणाली. "तुम्ही त्यांना कातळावर मांडून ठेवलंत, सर. दर महिन्याला."

सरांनी डोळ्यांनीच चिमाबाईंकडे खूण केली, हळू बोला. म्हणून अमिता वळून चिमाबाईंसमोरच जाऊन उभी राहिली.

"नेम देवीचा हाय, बाय. माजा नाय," विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या.

अमिताने नेमाचं काही विचारलं नाही. आजींचं रान नदीपलीकडे ना, पूल नव्हता तेव्हा कशा जायच्या, एवढंच विचारलं. चिमाबाई खुलल्या. अशाच, इथूनच, पोहत. येताना गवताचा भारा पाण्यात पुढे ढकलायचा आणि त्याच्यावर हात टाकून यायचं. आताच्या या पोरांना त्यातलं निम्मंसुद्धा जमायचं नाही. रोज? रोज म्हंजे काय, दिवसातनं दोन खेपा.

"आणि पाळीत?"

हे तिने मोठ्याने विचारलं. पाण्यातली हातापायांची खळबळ थांबली. कातळावरून अंकिताचा आवाज आला, "आई, गप." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती सरांवर चिडली होती की राहुलवर की आईवर, सांगता आलं नसतं.

चिमाबाईंचं मिसरीचं बोट दातांवरच थांबलं.

"म्हशी काय चार दिस उपाशी ऱ्हातील?" त्या म्हणाल्या. मग थुंकून, पुटपुटल्यासारखं, "तवा हितं कोन बघाया बसत नव्हता."

अंकिता उठली. टॉवेल तिने कातळावरच टाकला. सर म्हणाले, अंकिता, थांब जरा, आपण बोलू. ती थांबली नाही. टी-शर्ट-लेगिंगवर, आहे तशी, ती काठावर येऊन उभी राहिली. पाण्यातली पोरं बाजूला सरली. सगळ्यात आधी राहुल. सरांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि ती तिथेच राहिली.

चिमाबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. आता ही बाई ओरडणार, गाव गोळा करणार, असं अमिताला वाटलं. तिनेही पदर खोचला. ओरडलीच तर आज ऐकून घ्यायचं नाही.

चिमाबाई होत्या तिथेच वळल्या. नदीकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून पुन्हा खाली बसल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला.

मागे पाण्यात उडी पडल्याचा आवाज झाला.

अमिताचा राग अजून सगळाच्या सगळा अंगात होता आणि तो काढायला समोर कुणी उरलं नव्हतं. अंकिता हात मारत होती, कुणावर तरी मारावेत तसे. कोंडीच्या मध्यावर गेली, मध्य ओलांडून पुढे गेली.

"पोचली का गो पल्याड?" चिमाबाईंनी रस्त्याकडे बघतच खेकसून विचारलं. "सांग की. मला बघता येत नाय."