सदऱ्याचं काज

"शेठजी, शिकून झाल्यावर आम्हाला खरंच कामावर घेणार का?" मी हे विचारणारच नाही, अशी वर्गातल्या साळूनं पैज लावली होती. विचारलं की! अख्खा शिवणवर्ग माझ्याकडे बघत राहिला.

लढाई चालू होती. पलटणीचे सदरे शिवणाऱ्या सांगलीच्या कारखान्यानं आमच्या शाळेशी करार केला होता, आणि शेठजी स्वतः वर्ग बघायला आले होते. ते हसले. "घेणार म्हणजे? उद्याच्या परीक्षेत जितक्या मुली पास, तितक्या सोमवारपासून कामावर. आणि तितक्याच जुन्या बायका घरी. त्यांना आता सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

शिवणाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

घरी आले, तर आई नुकतीच त्याच कारखान्यातून परतली होती. सुई डोळ्यांशी धरून तिनं मला हाक मारली, "एवढा दोरा ओव गं. काज कसं करायचं ते पुन्ना दावते. उद्या पास व्हायलाच पायजे."

"व्हनारच! लय नाव काढंल माझी पोर," आबा म्हणाले.

मी दोरा ओवून दिला.



"आई, आबा, मी उद्या नापास होणार हाय."