तिघांची मंजुरी

“दादा, काल बंद करताना बॉयलरमधून भलताच आवाज येत होता. साहेबांनी पाहिलाय ना आज?”

फोन धाकट्याचा होता. तो खाली बॉयलर चालवायचा, थोरला वर ऑफिसात कारकून. कारखान्याचा नियम कडक होता. सुपरवायझर, इंजिनियर आणि मॅनेजर, तिघांनी पहाटे बॉयलर तपासायचा, आपापल्या खात्यावरून कंपनीच्या पोर्टलवर मेल टाकायची, आणि तिन्ही आल्या की मगच तो पेटवायचा. कारखान्याबाहेर जाणाऱ्या मेललाही याच तिघांची मंजुरी लागायची.

नियम झकास होता. फक्त तिघांनाही पहाटेची झोप प्यारी होती. “तूच टाकत जा रे, तुला काय, एक बटण,” असं म्हणून आधी सुपरवायझरनं पासवर्ड देऊन टाकला. मग उरलेल्या दोघांनी कशाला मागे राहावं? आता थोरला एकाच पानावर वरचं नाव बदलत तिघांच्या मेल पाठवायचा. त्यात तो पटाईत झाला होता. त्याचा सुपरवायझर दोन शब्दांत आटपायचा. त्याचा इंजिनियर एखादा आकडा फेकायचा. मॅनेजरची मेल तो मुद्दाम उशिरा सोडायचा, कारण साहेब वेळेवर आले असते तर कुणाचा विश्वासच बसला नसता. यातलं काही त्यानं घरी सांगितलं नव्हतं. धाकट्याला वाटायचं, तीन शिकलेली माणसं रोज आपल्याआधी येऊन बॉयलर पाहून जातात.

“थांब, विचारतो,” थोरला म्हणाला.

सुपरवायझरनं फोन उचलला नाही. इंजिनियरचा बंद होता. मॅनेजरला झोपेतून उठवायची त्याची छाती झाली नाही. इतकी वर्षं काही झालं नाही, आजच काय होणार? त्यानं एक नाव निवडलं, पाठवलं. दुसरं निवडलं, पाठवलं. चहा मागवला, मग तिसरं.

पुन्हा फोन वाजला. “आल्या तिन्ही. म्हणजे आवाजाचंही पाहिलं असेल ना त्यांनी? लावू का, दादा?”

“लाव.”

चहा अर्धाही झाला नव्हता. खिडकीच्या काचा फुटून कपात पडल्या.

धाकट्याला पोचवून आल्यानंतर दुसऱ्या दिवशी थोरला कामावर गेला. मॅनेजर त्याच्याआधी येऊन बसला होता. त्यानं उठून दार लोटून घेतलं.

“तिघांच्या मेल आहेत, म्हणजे आपल्यावर काही येत नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “चूक चालवणाऱ्याची. तपास अधिकाऱ्यांना तसं पाठवून दे. तुझ्यावर काय गुदरलंय ते कळतं मला. पण तोंड उघडलंस तर सगळ्यात आधी तूच आत जाशील.”

“त्याच्या मुलीला काय सांगू, साहेब?”

“लहान आहे. विसरेल.”

मॅनेजर गेला. थोरल्यानं लिहायला घेतलं. ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे’ इथपर्यंत बोटं सवयीनं चालली आणि थांबली. ती पोर मोठी होईल, कुठेतरी हे वाचेल, बापानं स्वतःच्या चुकीनं जीव घालवला असं आयुष्यभर धरून बसेल. तिच्या बापानं तर विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. थोरल्याला स्वतःची किळस आली. त्यानं लिहिलेलं पुसून टाकलं.

वरच्या यादीत तीन नावांखाली एक चौथं नाव होतं. त्याचं स्वतःचं. त्या खात्यावरून त्यानं कधी काही पाठवलंच नव्हतं. त्यानं ते निवडलं आणि लिहिलं, ‘बॉयलर कुणीही तपासला नव्हता. तिघांच्या नावानं रोज मीच मेल पाठवत होतो. आवाज येतोय असं माझ्या भावानं मला सांगितलं होतं. मी त्याला लाव म्हणालो.’

तपास अधिकाऱ्यांचा पत्ता घालून त्यानं बटण दाबलं. पोर्टलनं नेहमीची ओळ दाखवली. तिघांच्या मंजुरीशिवाय ही मेल बाहेर जाणार नाही.

थोरला खुर्ची पुढे ओढून बसला. सुपरवायझरनं दोन शब्दांत मंजुरी दिली. मग इंजिनियरनं दिली. मॅनेजरसाहेबांनीही या वेळी जराही उशीर केला नाही.