घोट्याचं हाड

चीनच्या सीमेलगतच्या डोंगरी गावातल्या शाळेत परकी भाषा एकच राहणार होती: बुरमाबाईंची जर्मन, नाहीतर चिनी. टेबलावर दोन लोकरी टोप्या उलट्या ठेवल्या होत्या. पालकांनी हव्या त्या भाषेच्या टोपीत मेंढीच्या घोट्याचं हाड टाकायचं होतं. "जर्मन बोलायचं कुणाशी? बाईंच्या शेळीशी?" मागून कोणीतरी बोललं. हशा पिकला, बाईही हसल्या. मग आयचुरेक उठली. "खिंडीपलीकडे माझ्या नवऱ्याने वाचता न येणाऱ्या चिनी कागदावर सही केली. ट्रक हातचा गेला, नवरा अजून तिकडेच अडकलाय." एकेकजण उठून हाड टाकून आला. एकतीस वर्षांची नोकरी मुठीत धरून बाईंनीही टाकलं. जर्मनची टोपी गच्च भरली. चिनीच्या टोपीत एकच हाड. "तुमच्याकडेच शिकलोय बाई, तुमच्या पोटावर पाय कसा देणार?" आयचुरेक पुटपुटली. बाईंनी भरलेली टोपी उचलून दुसरीत ओतली. "आता मोजा पाहू."