माहेर कुठलं?

"वहिनी, तुमचं माहेर कुठलं हो?" चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या दमयंतीबाईंनी सहज विचारलं, आणि आंब्याची डाळ वाढणारा चारुशीलाचा हात थबकला. ती अनाथाश्रमात वाढलेली. या प्रश्नावर ती नेहमी पन्ह्याचा पेला पुढे करायची.

पण कालच लेकीने चारुशीलाच्या जनुकांच्या तपासणीचा निकाल वाचून दाखवला होता. त्यात आईची, आईच्या आईची वाट पार मागे शोधलेली होती.

"आफ्रिका!" ती हसून म्हणाली. "किनाऱ्याकिनाऱ्याने चालत आल्या आमच्या आज्या. हजारो वर्षं लागली."

"अगबाई, इतकं लांब?"

"तुमचंही तेच की! लेक म्हणते, सगळ्यांच्याच आज्या तिथून निघाल्या."

दमयंतीबाईंनी गौरीकडे पाहिलं. मग त्यांनी तबकातले भिजवलेले हरभरे ओंजळीत घेतले.

"पदर पसर बघू. माहेरची ओटी आहे, नाही म्हणायचं नाही."