लग्न उरकेपर्यंत

ल्युबिंका नर्सनं दवाखान्याची गाडी थेट फाटकाशी आणून उभी केली आणि काच खाली करून तिथूनच तोंड सोडलं.

"स्तामेंका, तुझ्याइतकी हट्टी बाई मी अख्ख्या तालुक्यात पाहिली नाही! तीन पत्रं पाठवली. तीन!"

स्तामेंका अंगणात भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या सोलत होती. शेजारी नणंद, विदोसावा. हिवाळ्याची बेगमी चालली होती. चुलीवरच्या मोठ्या कढईत सोललेल्या मिरच्यांचा आयवार, हिवाळाभर पुरणारी चटणी, रटरटत होता आणि नवरा, स्रेतेन, तो लाकडी पळ्यानं ढवळत होता.

"कसली पत्रं?"

"कसली म्हणजे? मे महिन्यात तपासणीची बस आली होती, तिच्यात छाती तपासून घेतलीस ना? डाव्या बाजूला गाठ दिसली. मसुराच्या दाण्याएवढी. लगेच ये म्हणून कळवलं, तर हा तुझा नवरा येऊन सांगून गेला, ती नाही म्हणते, मागे लागू नका."

पळा थांबला.

स्तामेंकाला आधी वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. बसच्या रांगेत सगळ्यांत पुढे तीच तर उभी होती. सासूचं दुखणं काढलं तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आपलं असं होऊ द्यायचं नाही. तीस वर्षांची सिगरेट एका सोमवारी सोडली. डुकराची चरबी स्वयंपाकातून हद्दपार केली. रोज सकाळी धरणापर्यंत चालायला लागली, तेव्हा गाव हसलं, ही शंभरी गाठणार म्हणालं. तपासणीचा निकाल आला नाही म्हणून तिनं घरात विचारलंही होतं. "काही असतं तर कळवलं असतं," असं स्रेतेन म्हणाला आणि ती निवांत झाली.

"स्रेतेन?"

"येलीचं लग्न होतं," तो कढईकडे बघत म्हणाला. "म्हटलं, लेकीचं उरकू दे. मग द्राक्षांची तोडणी आली, मग या मिरच्या. आणि आईचं काय झालं ते विसरलीस का? चिरलं, आत हवा लागली, तीन महिन्यांत खेळ खलास. तुला हसत ठेवायचं होतं गं."

"हवा नाही लागली. दोन वर्षं गाठ लपवून बसल्या होत्या त्या. धुतलं-पुसलं मी त्यांना, तू नाही."

ती नणंदेकडे वळली.

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

विदोसावा बिया काढत राहिली. "सगळ्यांनी मिळूनच ठरवलं. तुझ्याच भल्यासाठी."

"सगळ्यांनी? येलीनं पण?"

विदोसावानं मान वर केली नाही.

लग्नात येली तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली होती. सासरी जाणारी पोर रडायचीच, म्हणून स्तामेंकानं तिचे डोळे पुसले होते. नाचाच्या रांगेत सगळ्यांनी हट्टानं तिलाच पुढे केलं होतं. पाच महिने सारं गाव तिच्याकडे बघून गोड हसत होतं आणि ती मूर्खासारखी धरणापर्यंत चालत होती.

"कार्ड घे आणि बस गाडीत," ल्युबिंका आता हळू आवाजात म्हणाली. "मोठे डॉक्टर तीनपर्यंत आहेत. अजूनही हातातून गेलं नसेल. पण आजच चल."

हात न धुताच स्तामेंका आत गेली. घरातले कागद स्रेतेनच्या कपाटात असत. खणात तिचं आरोग्य कार्ड होतं, त्याखाली तीन फोडलेली पाकिटं. त्यांच्याखाली लग्नातला तिचा एकटीचा फोटो, मोठा करून आणलेला. निळा ड्रेस, हसरा चेहरा. मागे स्रेतेनच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'चिनीमातीवर, अंडाकृती, काळी कड.' गावच्या दफनभूमीत थडग्यांच्या दगडादगडावर चिनीमातीवर छापलेले असेच चेहरे बसवलेले आहेत. सासूचाही आहे.

ती फोटो घेऊनच बाहेर आली. तो बघताच स्रेतेनच्या हातून पळा सुटला.

"अगं, थांब, मी पण येतो..."

"तू ढवळ. खाली लागेल."

तिनं फोटो त्याच्या हातात दिला.

"हे मात्र वेळेत केलंस," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.