कुलपातला टीव्ही

टीव्ही शाळेत आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, काचेवर कुंकवाची बोटं ओढली आणि कपाटात घालून कुलूप लावलं. असल्या पूजेत आपला हात कुणी धरणार नाही.

तिसरीतल्या रेणुकाने खोक्याला चंदेरी कागद लावून उन्हावर भात शिजवणारी चूल केली होती. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी मात्र ती हटून बसली. "आईला दाखवल्याबगर मी सांगणार न्हाई." आई ऊस तोडायला लांब कारखान्यावर गेलेली, तिथं पाचटाच्या कोपीत राहायची.

बाईंनी मुख्याध्यापकांपुढे हात केला. "सर, किल्ली द्या."

"अहो बाई, बिघडला म्हणजे?"

"बिघडू दे की वापरून. कपाटात ठेवून त्याचं लोणचं घालायचंय का?"

बाईंनी मोबाईल टीव्हीला जोडून व्हिडिओ कॉल लावला. आधी उसाचा फड दिसला, मग आई.

"हे बघ आये, लाकडं लागत न्हाईत, धूर होत न्हाई. तुज्या कोपीवर न्यायला केलीय."

फडातून मुकादम ओरडला, "मोळ्या कोण बांधणार?"

आईने मागे वळूनही पाहिलं नाही. "थांबा मुकादम. लेकीची शाळा चालू हाय."

रेणुका टीव्हीजवळ सरकली. "सर, कुंकवामागं आईचं तोंड दिसंना."

पूजेचं कुंकू पुसायचं म्हणून सर क्षणभर थबकले. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला.

पुसलेल्या काचेतून आईचं कपाळ निघालं. तिथलं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलं होतं.